मनातले मांडे आणि भट्टीतला पाव

‘मनात मांडे खाणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार आपण थोड्या उपहासानेच वापरतो. जे हाती नाही, जे व्हावयाचे नाही, त्याचा आस्वाद मनातल्या मनात घेणाऱ्या माणसाला आपण या शब्दांनी जमिनीवर आणतो. गेल्या वर्षी एका प्रकाशकाने माझ्याकडे अनुवादासाठी एक इंग्रजी कादंबरिका पाठविली, तेव्हा तिची पहिली वीस पाने वाचून मला हाच वाक्प्रचार आठवला. एका लहानशा काल्पनिक गावात एक तरुण स्त्री पावाची भट्टी चालविते. तिच्या हाताला किमया आहे. तिने भाजलेला पाव खाल्ला की दुःखी माणसाचे मन हलके होते आणि रुसलेली माणसे बोलू लागतात. अशात एक अबोल परका गावात येतो, पाऊस पडत राहतो, भट्टी धगधगत राहते आणि शेवटी दोघांची मने जुळतात. कथेत खलपुरुष नाही, युद्ध नाही, मृत्यू नाही. अशा कथांचा इंग्रजीत आज एक स्वतंत्र प्रकारच रूढ झाला असून त्यांना वाचकही पुष्कळ आहेत.

माझी पहिली प्रतिक्रिया नकाराची होती. आयुष्याची तीस वर्षे अनुवादात घालविलेल्या माणसाने आता मनातले मांडे भाषांतरित करावेत काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. परंतु एखाद्या वाङ्मयप्रकाराला त्याच्या सामान्य उदाहरणावरून नाकारणे हे टीकाकाराला शोभणारे नव्हे. म्हणून नकाराचे पत्र लिहिण्यापूर्वी या प्रकाराची वंशावळ तपासावी असे मी ठरविले. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे.

ही कल्पना आजची नाही. युरोपात तिचे एक अत्यंत पूर्ण रूप सतराव्या शतकातच सापडते. नेपल्सचा कवी जांबात्तिस्ता बाझीले हा 1632 साली वारला. त्यानंतर 1634 ते 1636 या काळात त्याचा नेपल्सच्या बोलीत लिहिलेला कथासंग्रह प्रसिद्ध झाला. पाच दिवसांत सांगितलेल्या कथांची त्याची रचना असल्यामुळे तो पुढे ‘पेंतामेरोने’ या नावाने ओळखला गेला. त्यातील पाचव्या दिवसाची तिसरी कथा ‘पिंतो स्माल्तो’ ही आहे. बेत्ता नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीला लग्न करावयाचे नाही. बाप व्यापारासाठी गावाला निघतो आणि काय आणू म्हणून विचारतो. ती दागिने किंवा वस्त्रे मागत नाही. ती पालेर्मोची साखर, बदाम, सुगंधी जल, कस्तुरी, मोती, नीलमणी, माणके, सोन्याची तार मागते, आणि या सर्वांबरोबर एक मळण्याची काठवट आणि एक रुप्याची कोरणी. बाप या वस्तू आणतो. मुलगी दार लावून बसते, साखर आणि बदाम सुगंधी जलात मळते आणि त्या गोळ्यातून एक तरुण पुरुष घडविते. केस सोन्याच्या तारेचे, दात मोत्यांचे, डोळे नीलमण्यांचे. मग सायप्रसच्या राजाच्या प्रार्थनेने एक मूर्ती जिवंत झाली होती हे ऐकलेले तिला आठवते आणि ती प्रेमदेवतेची आळवणी करीत राहते. अखेर तो डोळे उघडतो. बेत्ता त्याचा हात धरून बापापुढे जाते आणि सांगते, मला हाच नवरा हवा.

ही कथा येथे संपत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लग्नाच्या समारंभातच एक राणी त्या सुंदर पुरुषाला पळवून नेते. बेत्ता भिकारणीच्या वेषात त्याच्या शोधाला निघते. वाटेत एका म्हातारीने शिकविलेल्या मंत्रांनी तिला अमोल वस्तू मिळतात आणि त्या देऊन ती राणीकडून नवऱ्याच्या सहवासाच्या तीन रात्री विकत घेते. दोन रात्री तो गुंगीच्या औषधाने झोपलेला असतो आणि ती त्याच्याजवळ बसून, मी तुला कसे मळले, कसे घडविले, हे रडत सांगत राहते. शेजारच्या एका चर्मकाराच्या कानी हा विलाप पडतो आणि तो त्याला सावध करतो. तिसऱ्या रात्री तो औषध पीत नाही, बेत्ताचे शब्द ऐकतो आणि तिला ओळखतो.

ग्रीसमध्ये या कथेची एक बहीण लोकांच्या तोंडी नांदते. तेथे राजकन्या बदाम, साखर आणि रवा मळून नवरा करते आणि त्याचे नावच मुळी ‘रव्याचा’ असे आहे. इटलीच्या लोककथांचा जो संग्रह इतालो काल्विनोने 1956 साली सिद्ध केला त्यातही हाताने घडविलेल्या राजपुत्राची कथा आलेली आहे. एका कवीची लहर म्हणून ही कल्पना बाजूला सारता येत नाही. भूमध्य सागराच्या काठावरील स्वयंपाकघरांत ती दीर्घकाळ वावरली असावी असेच दिसते.

या कथेतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा पुरुष भट्टीत भाजलेला नाही. कणीक मळावी तसा तो मळलेला आहे, आणि त्याला जिवंत करणारी किमया मळण्याच्या नंतर येते. आधी श्रम, मग आळवणी आणि मग चमत्कार, असा क्रम आहे. शिवाय तो चमत्कार टिकविण्यासाठीही नायिकेला पुन्हा पायपीट करावी लागते. सायप्रसच्या शिल्पकार राजाची जुनी कथा येथे उलटली आहे. तेथे पुरुष हस्तिदंत कोरून स्त्री घडवितो. येथे घडविणारी स्त्री आहे आणि तिचे साधन स्वयंपाकघरातले आहे. ज्या समाजात मुलीचा नवरा बाप निवडीत असे, त्या समाजात ‘माझा नवरा मी मळून घेईन’ असे म्हणणारी ही कथा आहे. तिला केवळ करमणूक म्हणणे कठीण आहे.

पुढील दोन शतकांत युरोपीय कथावाङ्मयात भाजणारा हात निरनिराळ्या अर्थांनी येतो. 1694 साली प्रसिद्ध झालेल्या पेरोच्या ‘गाढवाचे कातडे’ या पद्यकथेत दासीच्या वेषात लपलेली राजकन्या आजारी राजपुत्रासाठी केक करते आणि त्यात तिची अंगठी सापडते. ती चुकून पडली की तिने मुद्दाम टाकली, हा प्रश्न पेरो मिस्कीलपणे वाचकावर सोडतो. 1812 साली ग्रिम बंधूंनी प्रसिद्ध केलेल्या हान्सेल आणि ग्रेटेल यांच्या कथेत भिंती पावाच्या आणि खिडक्या साखरेच्या आहेत, पण आतल्या भट्टीपाशी चेटकीण उभी आहे. भुकेल्या मुलांना गोड घर दाखवून खाणारी ही चेटकीण आणि दुःखी वाटसरूंना पाव देऊन सुखविणारी आजची नायिका या एकाच कुळातील दोघी आहेत, हे विसरून चालणार नाही. हान्स अँडरसनने ‘वाळुंजाच्या झाडाखाली’ या कथेत आल्याच्या पोळीचा एक पुरुष आणि एक स्त्री दुकानाच्या फळीवर शेजारी ठेविली आहेत. पुरुषाच्या डाव्या अंगाला हृदय म्हणून एक कडू बदाम बसविला आहे. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, पण कोणी बोलत नाही, आणि वाळत वाळत एक दिवस स्त्रीचे दोन तुकडे होतात. कथेतील हाडामांसाच्या प्रेमिकांचेही पुढे भले होत नाही. म्हणजे उबदार भट्टीची कथा ही सदैव सुखाचीच कथा होती असे मुळीच नाही.

आपल्याकडे पाहिले तर भट्टी दिसत नाही, पण हाताची किमया आणि प्रणय यांचा संयोग फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात नळाला देवांकडून वर मिळतात. इच्छिले की अग्नी प्रकट व्हावा, इच्छिले की पाणी यावे, आणि त्याने रांधलेल्या अन्नाला चव असावी. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्णाच्या पदरी राहतो. दमयंतीला संशय येतो. ती केशिनीला त्याच्या पाळतीवर पाठविते. रिकामी भांडी त्याच्या दृष्टीने भरतात, गवताची काडी पेटते, हे केशिनी येऊन सांगते. पण दमयंती तेवढ्यावर विसंबत नाही. ती त्याने शिजविलेले मांस मागविते, ते चाखते आणि हा नळच आहे हे ओळखते. रूप फसवू शकते, हात फसवीत नाही, असा या प्रसंगाचा आशय आहे. बेत्ताचा नवरा तिचे शब्द ऐकून तिला ओळखतो आणि दमयंती चवीने नळाला ओळखते. दोन्ही ठिकाणी प्रेमाची खूण ही हाताच्या कामात आहे.

आणि मांडे? मराठी मनाला भाजण्याच्या चमत्काराची जी कथा सर्वांत जवळची आहे ती मुक्ताबाईची. मांडे भाजावयाचे तर पालथे खापर हवे. विसोबा चाटी कुंभारांना बजावून ते मिळू देत नाही. मुक्ताबाई रिकाम्या हाताने परत येते आणि ज्ञानेश्वर योगबळाने आपली पाठ तापवितात. त्या पाठीवर बहीण मांडे भाजते. ही कथा चरित्रपरंपरेतील आहे, इतिहास म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही. पण तिचा अर्थ स्पष्ट आहे. ज्यांना समाजाने वाळीत टाकले त्यांच्या घरी खापरही पोचू दिले जात नाही, आणि तेथे चमत्कार होतो तो भावाच्या देहाच्या मोलाने. हे दृश्य पाहून विसोबा शरण येतो. या कथेतले मांडे मनातले नाहीत. त्यांची धग कोणाच्या तरी पाठीवर आहे.

या जुन्या कथांनंतर भट्टीच्या खऱ्या इतिहासाकडे वळावे लागते, कारण पाव भाजणाऱ्याची धग कोणाच्या पाठीवर होती हे तो इतिहास सांगतो. शहरातल्या माणसाला सकाळी ताजा पाव हवा असतो, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी रात्रभर जागावे लागते. लंडनमधील पाव भाजणाऱ्या कामगारांविषयी ट्रेमेनहीर याने तयार केलेला सरकारी अहवाल 1862 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1867 साली मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातील कामाच्या दिवसावरील प्रकरणात त्याचा उपयोग केला. रात्री अकराच्या सुमारास काम सुरू करून कणीक तयार केल्यावर कामगार त्या काठवटीच्या झाकणावरच, खाली एक पोते आणि उशाला दुसरे घेऊन, तास दोन तास झोपे, असे त्यात वर्णन आहे. बेत्ताने ज्या वस्तूत नवरा मळला तीच वस्तू येथे थकलेल्या माणसाचे अंथरूण झालेली आहे. 1863 साली इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात भट्टीवर राबविण्यास कायद्याने बंदी झाली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने या कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती, ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1905 साली रद्द ठरविली. 1925 साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने भट्ट्यांतील रात्रपाळीविरुद्ध स्वतंत्र करारच संमत केला. घरच्या माणसांनी घरापुरते भाजण्यास त्यात मोकळीक होती. घर आणि धंदा यांतील हा भेद कायद्याला दिसला. कथेला तो नेहमीच दिसतो असे नाही.

ज्या लेखकाला तो दिसला तो मॅक्झिम गॉर्की. तरुणपणी काझान येथे त्याने स्वतः भट्टीवर काम केले होते. त्याच्या ‘सव्वीस पुरुष आणि एक मुलगी’ या 1899 सालच्या कथेत तळघरात दिवसभर बिस्किटासारखी वेटोळी कडी वळणारे सव्वीस कामगार आहेत. रोज सकाळी तान्या नावाची सोळा वर्षांची मुलगी दाराशी येते आणि ते तिला ताजी कडी देतात. तीच त्यांची देवता. एका गर्विष्ठ सहकाऱ्याच्या पैजेला ते बळी पडतात, त्या पैजेत तान्या सापडते, आणि तिला घेरून ते अपशब्द उच्चारतात. ती ताठ मानेने निघून जाते आणि पुन्हा येत नाही. भट्टी आणि प्रणय यांची ही कथा आहे, पण तिच्यात किमया नाही. माणसाला प्रकाशाची इतकी भूक का लागते, हे ती कथा सांगते, आणि ती भूक भागली नाही की माणूस किती क्रूर होतो हेही सांगते. माझ्या मते किमयेच्या सर्व कथांनी या कथेला सामोरे जावयास हवे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही किमया पुन्हा अवतरली ती मेक्सिकोच्या लॉरा एस्किवेल यांच्या 1989 सालच्या ‘चॉकलेटसाठी जसे पाणी’ या कादंबरीत. कुळाच्या रूढीप्रमाणे धाकट्या मुलीने लग्न न करता आईची सेवा करावयाची असते. म्हणून तितावर, आपल्या प्रियकराचे लग्न मोठ्या बहिणीशी होताना, त्या लग्नाचा केक करण्याची पाळी येते. तिचे अश्रू त्या केकच्या मिश्रणात पडतात आणि तो खाणारे सर्व पाहुणे आपापल्या हरवलेल्या प्रेमाच्या आठवणीने रडू लागतात. तिताला लहानाचे मोठे करणारी स्वयंपाकीण नाचा त्याच दिवशी मरण पावते, आणि तिच्या हाती तिच्याही हिरावलेल्या प्रियकराचे चित्र असते. येथे किमया कोणालाही फुकट सुख देत नाही. जे घरात बोलता येत नाही ते ती पाहुण्यांच्या पोटात उतरविते.

पुढील इंग्रजी कादंबऱ्यांत हा धागा अधिक सौम्य झाला, पण चांगल्या लेखकांनी तो तुटू दिला नाही. रॉबिन मॅकिन्ली यांच्या 2003 सालच्या ‘सनशाइन’मधील नायिका दालचिनीचे रोल करण्यासाठी पहाटेआधी उठते, आणि ही शिस्त तिच्या स्वभावाचा कणा आहे. टी. किंगफिशर या नावाने लिहिणाऱ्या अर्सुला व्हर्नन यांच्या 2020 सालच्या कादंबरीत मोना या चौदा वर्षांच्या मुलीची जादू केवळ पावावर चालते. शहरावर शत्रू चालून येतो तेव्हा ती कणकेचे राक्षस उभे करून ते वाचविते. ती प्रणयकथा नव्हे. पण मोठ्यांनी आपले काम केले असते तर हे ओझे माझ्यावर का आले असते, हा मोनाचा रागावलेला प्रश्न त्या विनोदी पुस्तकाला वजन देतो. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या 2022 सालच्या ‘लेजंड्स अँड लाटेज’ या पुस्तकापासून या उबदार प्रकाराचा बोलबाला फार वाढला. तेथे एक लढवय्यी तलवार खुंटीला टांगून कॉफीचे दुकान काढते. भाग्य खेचून आणणारा एक मणी तिने दुकानात पुरून ठेविला आहे. परंतु दुकान जळून जाते, मणी जातो, आणि तरीही सोबती जमून ते पुन्हा उभे करतात. भाग्य मण्यात होते की माणसांत, हा प्रश्न लेखकाने नीट विचारला आहे. विशेष म्हणजे तेथला भाजणारा हा नायक नाही. तो उंदराच्या जातीचा, जवळजवळ न बोलणारा एक कारागीर आहे आणि त्याची सर्व कीर्ती त्याच्या हाताची आहे.

या इतिहासातून मला एक कसोटी मिळाली. कथेत किमया आहे की नाही हा टीकाकाराचा प्रश्न नव्हे. ती किमया श्रमाची जागा घेते की श्रमातून उगवते, हा खरा प्रश्न आहे. बेत्ताची, नळाची, मुक्ताबाईची, तिताची किमया श्रमातून, वियोगातून, अडवणुकीतून उगवते. जेथे भट्टी आपोआप पेटते, पीठ कोणी दळत नाही, पहाटे कोणी उठत नाही आणि तरी पाव सर्वांचे दुःख हरण करतो, तेथे चेटकिणीचे साखरेचे घर पुन्हा उभे राहते. फरक इतकाच की, आता त्यात भुकेली मुले शिरत नाहीत, दमलेले वाचक शिरतात. दमलेल्या वाचकाला ऊब हवी असते, यात दोष नाही. पण ऊब देण्याचा देखावा आणि ऊब यांत भेद करणे हे टीकेचे काम आहे.

मराठी अनुवादकापुढे यात आणखी एक अडचण आहे. इंग्रजी वाचकाला ‘भट्टी’ म्हणताच घर आठवते. आपल्या घरात चूल होती, तवा होता, खापर होते. भट्टी होती ती विटांची, दारूची किंवा पाववाल्याची. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला, आणि गोव्यात पाव घेऊन दारी येणाऱ्या ‘पोदेर’ याचे नावही त्याच भाषेतले आहे. ‘भटारी’ हा जुना शब्द आहे, पण भटारखाना म्हणताच मोठ्या मुदपाकाचे चित्र उभे राहते, प्रेमकथेचे नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परक्याच्या भट्टीतले खाणे हा आपल्याकडे एके काळी धर्माचा प्रश्न होता. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेविली गेली. त्या पाहुण्यांत रानडे आणि टिळक होते, आणि त्यातून उठलेले ग्रामण्य प्रायश्चित्तापर्यंत पोचले. परक्या हाताचे बिस्किट खाऊन मने जुळतात, ही कल्पना इंग्रजीत गोड आहे. मराठीत तिच्यामागे फार मोठे भांडण उभे आहे. अनुवादकाने ते विसरले तर त्याचे शब्द बरोबर असूनही अर्थ पातळ होईल.

माझ्याकडे आलेली कादंबरिका मी या कसोटीला लावून पुन्हा वाचली. बहुतेक पाने साखरेच्या घराची आहेत, हे मला मान्य केले पाहिजे. पण मधल्या एका प्रकरणात नायिकेला ताप येतो, भट्टी थंड पडते, आणि तो अबोल परका रात्रभर जागून, किमयेविना, एक ओबडधोबड पाव भाजतो. तो कडक झालेला असतो. ती तो खाते आणि त्याच्या हाताला पडलेले चटके पाहते. त्या प्रकरणात लेखिकेला आपल्या पूर्वजांचा वारसा सापडला आहे, मग तो तिला माहीत असो वा नसो.

मी प्रकाशकाला होकार कळविला. अनुवादाला सुरुवात मी त्या प्रकरणापासून केली आहे. ‘भट्टी’साठी मी दुसरा शब्द शोधीत बसलो नाही. तो शब्द परका आहे आणि त्याला रात्रीच्या जागरणाचा वास आहे, म्हणूनच तो तेथे राहावा असे मला वाटते.